आजी-आजोबांच्या आठवणींचं घरचं पुस्तक कसं करायचं: मराठवाड्यातल्या घरांसाठी सविस्तर माहिती

आपल्याकडं आता पंच्याऐंशी-नव्वदीत असलेली जी माणसं आहेत ना, त्यांनी निजामाचं राज्य डोळ्यांनी बघितलंय, निजामाचा हाली रुपया हातात घेतलाय, पोलीस ॲक्शन (निजामाचं राज्य भारतात आणणारी लष्करी कारवाई) बघितली, बाहत्तरचा दुष्काळ काढला, काहींनी किल्लारीचा भूकंप अंगावर झेलला, आणि यातलं घरात कुठंच लिहिलेलं नाही. तालुक्याच्या इतिहासात पुढाऱ्यांची नावं येतात, पण आपल्या घराचं काय झालं हे फक्त त्या एका माणसाच्या डोक्यात असतं. म्हणून हे काम दिवाळीला बघू, उन्हाळ्यात बघू असं ढकलू नका, या आठवड्यात पहिलं रेकॉर्डिंग करा, बाकी सगळं नंतर जमतंय.

सुरू करायच्या आधी एक गोष्ट पक्की करून घ्या. सांगायचं काम त्यांचं आणि साल-तारखा लावायचं काम तुमचं. बहुतेक घरात गाडी इथंच अडते, नातू विचारतो “आबा, हे कोणत्या सालची गोष्ट?” आणि आबा बिचारे आठवत बसतात, आठवत नाही म्हणून ओशाळतात, आणि “राहू दे रे, मला आता काय आठवत नाही” म्हणून विषय बंद. आठवत सगळं असतंय, साल तेवढं नसतंय. ते कसं काढायचं ते खाली सांगतो.

आधी परवानगी, आणि ती नीट समजावून

फोन समोर ठेवला की म्हातारी माणसं सावध होतात, आणि त्याला कारण आहे. आपल्याकडं रेकॉर्डिंग म्हणलं की पहिली शंका येते ती वाटणीची, सातबाऱ्याची, “उद्या हे कुणी कोर्टात लावलं तर?” त्यामुळं पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगा की हे घरच्या पुस्तकासाठी आहे, जमिनीचं-पैशाचं यात काही येणार नाही, आणि छापायच्या आधी सगळं तुम्हाला वाचून दाखवणार, तुम्ही नको म्हणाल ते काढणार. हा शब्द दिला की पाळायचा, मग ती गोष्ट कितीही भारी असू द्या. पहिल्या रेकॉर्डिंगच्या सुरुवातीलाच “आज्जी, हे मी रेकॉर्ड करतोय, चालतंय ना?” असं विचारून त्यांचं “हो” त्यातच येऊ द्या.

घरातल्या बाकीच्यांनाही सांगून ठेवा, काका-आत्या सगळ्यांना. एका भावाच्या पोरानं गुपचूप सुरू केलं की दुसऱ्या भावाच्या घरी उगंच चर्चा होते.

रेकॉर्डिंगची तयारी

साधा स्मार्टफोन पुरतो. त्यातलं व्हॉइस रेकॉर्डर ॲप उघडायचं, फोन एअरप्लेन मोडवर टाकायचा म्हणजे मधीच कुणाचा कॉल आला म्हणून रेकॉर्डिंग तुटत नाही, स्टोरेज आणि बॅटरी बघून घ्यायची. कॉलरला लावायचा वायरवाला माईक काहीशे रुपयांत मिळतो, तो घेतला तर आवाजात जमीन-अस्मानाचा फरक पडतोय. माईक नसेल तर फोन त्यांच्यापासून हातभर अंतरावर, खाली टॉवेलची घडी घालून ठेवा. नुसत्या टेबलावर ठेवला तर कपबशी ठेवली तरी धाडकन आवाज येतो.

कूलर बंद, टीव्ही बंद, कुकरची शिट्टी होणार नाही अशी वेळ बघायची. सकाळचा चहा झाल्यावरचा टाइम सगळ्यात चांगला, तेव्हा माणूस ताजा असतो. कवळी असेल तर ती लावूनच बोलायला बसवा, ऐकायचं मशीन असेल तर तेही, या बारीक गोष्टींनी नंतरचं टायपिंग निम्मं सोपं होतं. एका बैठकीला चाळीस-पंचेचाळीस मिनिटं बास. ते अजून रंगात असले तर चालू द्या, पण दमलेत असं दिसलं की थांबा.

सुरुवातीला आपल्या तोंडानं तारीख, गाव आणि कोण बोलतंय ते बोलून घ्या. फाइलला नाव देताना तारीख आधी, मग माणूस, मग विषय, असं: “२०२५-०१-१२ आज्जी माहेर १”. “न्यू रेकॉर्डिंग ४७” अशा नावाच्या फाइली सहा महिन्यांनी कुणालाच ओळखू येत नाहीत.

आणि त्याच दिवशी कॉपी. एक फोनमध्ये, एक पेनड्राइव्ह किंवा हार्डडिस्कवर, एक गूगल ड्राइव्हवर, आणि जमलं तर दुसऱ्या गावातल्या भावाबहिणीकडं एक.

कोणाला कोणासोबत बसवायचं

आज्जी आणि आजोबांना पहिल्यांदा एकत्र बसवू नका. प्रश्न आज्जीला विचारला तरी उत्तर आजोबा देतात हे प्रत्येक घरात होतं, आणि आज्जी “ते सांगतेत तेच खरं” म्हणून गप्प बसते. पोरांसमोरही तेच, थोरला मुलगा मधीच “नाही बाई, तसं नव्हतं” म्हणून दुरुस्ती करत राहतो. आधी एकेकट्यांशी बोला.

बाया पहिल्यांदा म्हणणारच की माझं काय सांगायचं, आयुष्य गेलं चुलीपुढं. मी तर म्हणेन पुस्तकाचा अर्धा भाग बायांच्या सांगण्यातून आला पाहिजे, कारण घर कसं चाललं, कोण उपाशी राहिलं, कोणतं लेकरू कशानं गेलं, दागिने कधी मोडले हे त्यांनाच माहीत असतं. त्यांना खुलवायचा हमखास उपाय म्हणजे त्यांच्या वयाची नणंद, जाऊ किंवा बहीण सोबत बसवायची. दोघी एकमेकींना आठवण करून देतात, आपण नुसतं फोन चालू ठेवायचा. जात्यावरच्या ओव्या येत असतील तर त्याही घ्या, म्हणून दाखवलेल्या. आणि शक्य असेल तर आज्जीला एकदा तिच्या माहेरच्या गावी घेऊन जा. माहेरच्या वेशीत गेलं की सासरी कधी न सांगितलेल्या गोष्टी आपोआप निघतात.

लातूर-धाराशिवकडं येळवसला (वेळा अमावस्येला) सगळं खानदान शेतात जमतं, तो दिवस गटानं बोलायला झकास. कोपीपुढं (कडब्याच्या खोपीपुढं) आंबील पिता पिता चार म्हाताऱ्यांना एकत्र बसवून विचारा. मात्र तिथं गलका असतो, त्या रेकॉर्डिंगवरून टाइप करणं अवघड जातं, त्यामुळं मुख्य काम घरीच करा आणि येळवशीचं जास्तीचं समजा.

प्रश्न कसे विचारायचे

“तुमच्या लहानपणाबद्दल सांगा” असं विचारलं की “काय सांगायचं बाबा, गरिबी होती” एवढंच मिळतं. मोठा प्रश्न विचारला की छोटं उत्तर येतं. म्हणून प्रश्न वस्तूचा, जागेचा, कामाचा विचारायचा.

सगळ्यात चांगली सुरुवात जुन्या घरापासून होते. एक मोठा कागद घ्या आणि त्यांना विचारत विचारत घराचा नकाशा काढा. दार कुठल्या तोंडाला होतं, ढाळज (दारातली बैठकीची ओसरी) केवढी, ढाळजेत कोण बसायचं, बायांनी तिथून जायचं की मागल्या दारानं, बळद (धान्याची कोठी) कुठं होतं, त्यात किती पोते ज्वारी मावायची, माळवदावर (मातीच्या धाब्यावर) झोपायला कोण जायचं, पावसाळ्यात गळायला लागलं की काय करायचे, बाळंतिणीची खोली कोणती, पाणी कोणत्या आडाचं आणि त्या आडावर कुणाला पाणी भरू द्यायचे, कुणाला नाही. हा शेवटचा प्रश्न टाळू नका. नकाशा भरत जातो तशा गोष्टी येतात, मी माझ्या आज्जीला फक्त “ढाळजेत कोण बसायचं” एवढं विचारलं तर सासऱ्यापासून सुरू होऊन घागरी, आड, आडावरची भांडणं, आणि तिथंच कळलेली तिच्या भावाच्या मरणाची बातमी इथपर्यंत ती एकटीच बोलत गेली.

भूकंपात ज्यांची घरं गेली, किंवा जायकवाडीच्या पाण्यात ज्यांची गावं गेली, त्यांच्यासाठी तर हा नकाशा फार महत्त्वाचा, कारण तिथं फोटोही उरले नाहीत. नव्या वसाहतीत सरळ रेषेत घरं बांधून मिळाली पण जुन्या गावात कुणाचं घर कुणाला लागून होतं, मारुती कुठं, चावडी कुठं, वडाचा पार कुठं हे आता साठी-सत्तरीच्या पुढच्यांनाच सांगता येतंय. दोघातिघांना वेगवेगळं काढायला लावा आणि मग जुळवा.

घरानंतर काम. पहिली मजुरी किती, हालीत की कलदारात (इंग्रजी रुपयात), बैलजोडीची नावं काय होती, बाजाराला कुठं जायचे आणि किती कोस चालून, ऊसतोडीला जात असतील तर मुकादम कोण, उचल (आगाऊ रक्कम) किती घेतली होती, पाचटाच्या कोपीत बाळंतपण कुणाचं झालं. कापसाची जिनिंग, लातूरची छोटी रेल्वे, कुणी मुंबईला गिरणीत गेलं असेल तर तिथली खोली. मग शाळा: मराठवाड्यातल्या पुष्कळ आजोबांनी शाळेत उर्दू शिकलेलं आहे, अजूनही काहींना ते लिहिता येतं, त्यांच्याकडून दोन ओळी लिहून घ्या, पुस्तकात फोटो टाका.

प्रश्न विचारला की गप्प बसायचं. त्यांनी बोलणं थांबवलं की आपल्याला वाटतं संपलं आणि आपण पुढचा प्रश्न टाकतो. मनात पाच-सात आकडे मोजा, बऱ्याचदा खरी गोष्ट त्यानंतर येते. रडायला आलं तर पाणी द्या, हात धरा, रेकॉर्डिंग थांबवू का विचारा. तीच गोष्ट तिसऱ्यांदा सांगितली तरी “हे सांगितलंय तुम्ही” म्हणू नका, तिसऱ्या वेळी एखादं नवीन नाव येतंच.

सालं कशी लावायची

आता तुमचं काम. एक वही घ्या, मधी रेघ मारा, एका बाजूला त्यांची गोष्ट आणि दुसऱ्या बाजूला सगळ्यांना माहीत असलेल्या घटना. आपल्या भागासाठी या खुणा उपयोगी पडतात: पोलीस ॲक्शन, १३ ते १७ सप्टेंबर १९४८. मराठवाडा मुंबई राज्यात आला तो १ नोव्हेंबर १९५६. मराठवाडा विद्यापीठ १९५८, महाराष्ट्र राज्य १ मे १९६०. जायकवाडीची पायाभरणी १९६५ आणि धरण पूर्ण १९७६. बाहत्तरचा दुष्काळ. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचं आंदोलन आणि दंगली १९७८, नामविस्तार १४ जानेवारी १९९४. किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट, आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं.

मग विचारायचं असं: “रजाकाराच्या (निजामाच्या बाजूच्या सशस्त्र टोळ्यांच्या) टायमाला तुम्ही परकर घालत होता का लुगडं?” “लग्न झालं होतं का तेव्हा?” “थोरला मुलगा बाहत्तरला रांगत होता का शाळेत जात होता?” यावरून एक-दोन वर्षाच्या फरकानं साल निघतं, आणि पुस्तकात “१९४९ च्या सुमारास” असं लिहिलं की झालं. उगं पक्की तारीख ठोकून देऊ नका.

शाळेच्या दाखल्यावर १ जून जन्मतारीख दिसली तर ती मास्तरांनी टाकलेली समजायची, आपल्या म्हाताऱ्यांतल्या निम्म्यांचा वाढदिवस त्याच दिवशी येतो. खरा जन्म “पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी”, “तुरी काढणीला” अशा खुणेवरून विचारा.

जुन्या कागदांवर फसली सन (निजामाच्या कारभारातलं महसुली साल) असतो, तो बघून गोंधळू नका. त्यात ५९० मिळवले की इंग्रजी साल येतं, पण निजामाचं फसली वर्ष ऑक्टोबरच्या सुरुवातीला चालू व्हायचं म्हणून जानेवारीपासून पुढच्या महिन्यांना ५९१ मिळवायचे. म्हणजे फसली १३५७ हे ऑक्टोबर १९४७ ते सप्टेंबर-ऑक्टोबर १९४८, पोलीस ॲक्शन त्यातच आली. महिन्यांची नावंही आजूर, दय, बहमन अशी वेगळी असतात, वर्ष आजूरपासून सुरू होतं. पैशाचा हिशोब लागला तर सात हाली रुपये म्हणजे सहा कलदार असा भाव होता.

कागदपत्रं कुठं शोधायची

घरातली पेटी आधी. लग्नपत्रिका, भांड्यांवर कोरलेली नावं आणि तारखा (हे लोक विसरतात, पितळी घागरीवर आहेर देणाऱ्याचं नाव आणि साल सापडतं), जुनी रेशनकार्डं, पोथीच्या मागल्या पानावर लिहिलेले जन्म.

त्यानंतर शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा, तहसीलला १९५४-५५ चं खासरा पत्रक, आणि कोतवाल बुक म्हणजे गाव नमुना १४, त्यात जन्ममृत्यूच्या नोंदी असतात. २०२३ पासून कुणबी नोंदींच्या शोधामुळं ही कागदं धुंडाळायची लोकांना बरीच सवय झालीय, गावातल्या एखाद्या पोरानं अर्ज केलेला असेल तर त्याला विचारा, कुठल्या टेबलाला जायचं ते तो बरोबर सांगतो. निजाम काळातले कागद उर्दूत आणि मोडीत असतात, वाचणारा माणूस शोधावा लागतो. उर्दूसाठी गावातले किंवा तालुक्याच्या उर्दू शाळेतले जुने मौलवी-मास्तर, मोडीसाठी छत्रपती संभाजीनगरच्या पुराभिलेख कार्यालयात चौकशी करा.

जिल्ह्यांची नावं बघताना लक्ष ठेवा. उदगीर, निलंगा, अहमदपूर १९५६ पर्यंत बिदर जिल्ह्यात होते, किनवट आदिलाबादेत. जालना जिल्हा १९८१ चा, लातूर १९८२ चा, हिंगोली १९९९ चा. त्यामुळं लातूरच्या माणसाचा जुना कागद उस्मानाबादच्या नावानं निघणार, तो आपला नाही म्हणून बाजूला टाकू नका.

वंशावळीसाठी आपल्याकडं गावोगाव येणारे, घराण्यांच्या नोंदी ठेवणारे हेळवी आणि भाट, तसंच नाशिक-त्र्यंबकेश्वरचे तीर्थोपाध्ये, यांच्या वह्यांत पिढ्यांची नावं मिळू शकतात. त्यात सुनांची आणि लेकींची नावं सहसा नसतात, ती आपण घालायची, माहेरच्या गावासकट.

फोटो

जुना फोटो मोबाईलनं काढून व्हॉट्सॲपवर मागवला की त्याचा दर्जा जातो. स्कॅनरवर करा, नेहमीच्या साइजच्या फोटोला ३०० डीपीआय चालतो, पासपोर्टएवढ्या बारीक फोटोला ६००. पाठवायचाच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा. फोटोच्या मागं पेननं लिहू नका, मऊ पेन्सिलनं हलकं लिहा. प्रत्येक फोटोतली सगळी माणसं डावीकडून उजवीकडं नावानिशी आत्ताच विचारून घ्या, हे काम सगळ्यात जास्त घाईचं आहे.

ऐकून लिहिणं

एका तासाच्या रेकॉर्डिंगला हातानं टाइप करायला चार-पाच तास सहज लागतात. गूगलच्या मराठी व्हॉइस टायपिंगची मदत होते पण आपली बोली त्याला नीट कळत नाही, त्यामुळं एक वाक्य ऐकायचं आणि ते आपण आपल्या आवाजात बोलून टाइप करायचं, असं केलं की बरंच लवकर होतं. भावंडांत फाइली वाटून घ्या.

इथं माझं ठाम मत आहे. त्यांची भाषा सुधारू नका. बघा, आज्जी असं म्हणाली:

“बाहत्तरला आमी समदे खडीवर गेलाव. लेकरू पाटीत घालून न्यायचे मी. दुपारी सुकडी द्यायचे, ती खायचेच नाही, पदरात बांधून सासूला आणायचे. मिलोची भाकर तर घशाखाली उतरंना.”

आणि एखाद्या शिकलेल्या नातवानं ते असं केलं: “१९७२ च्या भीषण दुष्काळात आम्ही खडी फोडण्याच्या कामावर जात असू. अत्यंत हलाखीचे दिवस होते.” यात पाटी गेली, पदर गेला, सासू गेली, आज्जीच गेली. मूळ वाक्यं तशीच ठेवा, फक्त तेच तेच झालेलं आणि “हां, मग, ते काय म्हणतेत” असलं काढा. मिलो म्हणजे त्या दुष्काळात रेशनवर आलेली परदेशी लाल ज्वारी, सुकडी म्हणजे दुष्काळी कामावर मिळणारा खाऊ, असं नव्या पोरांसाठी पानाच्या खाली बारीक अक्षरात द्या.

क्रम जन्मापासून मरणापर्यंत लावायची गरज नाही. घर, माहेर, कामं, दुष्काळ, लेकरं, देवधर्म, असे भाग केले की वाचायला सोपं जातं, आणि सालावार यादी शेवटी दोन पानांत.

काय छापायचं नाही

रजाकारांच्या काळातल्या गोष्टी निघतील, पोलीस ॲक्शननंतर मुसलमान घरांवर काय गुदरलं तेही निघेल. दोन्ही घ्या, जसं सांगितलं तसं. पण ज्या घरांची नावं येतात त्यांची नातवंडं अजून त्याच गावात आपल्या शेजारी राहतात, तेव्हा अशा ठिकाणी आडनाव काढून “गावातला एक जण” लिहा. भाऊबंदकी, कुणाचं पहिलं लग्न, कुणाचं कर्ज, हे ज्याच्याबद्दल आहे तो हयात असेल तर त्याला विचारल्याशिवाय नाही. काढलेला मजकूर फेकू नका, वेगळ्या फाइलमध्ये ठेवा आणि ती कोण उघडू शकतं हे आज्जी-आबांनाच ठरवू द्या.

सगळं झाल्यावर कच्चा मजकूर त्यांना मोठ्यानं वाचून दाखवा. तेव्हाही फोन चालू ठेवा, ऐकता ऐकता ते दुरुस्त्या सांगतात आणि नव्या आठवणीही.

छपाई

टायपिंग युनिकोडमध्येच करा. डीटीपीवाले श्रीलिपीत (जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटात) घेतात तेव्हा रूपांतर करताना जोडाक्षरं बिघडतात, विशेषतः “दुसऱ्या”, “म्हाताऱ्या” मधलं ऱ्य, त्यामुळं शेवटचं प्रूफ कागदावर प्रिंट काढून दोघांनी वाचायचं. अक्षर १४ पॉइंटच्या खाली नको, ज्यांचं पुस्तक आहे त्यांनाच वाचता आलं पाहिजे.

डेमी साइज, आतला कागद ८० जीएसएम नॅचरल शेड, हे घरच्या पुस्तकाला छान दिसतं. फोटो जास्त असतील तर ते आर्ट पेपरवर एकत्र आठ किंवा सोळा पानांत घ्या, खर्च आटोक्यात राहतो. पानांची एकूण संख्या सोळाच्या पटीत बसवली तर शेवटी कोरी पानं वाया जात नाहीत. पंचवीस-पन्नास प्रतींना डिजिटल प्रिंट परवडतं, तीनशेच्या पुढं ऑफसेट. नुसतं चिकटवलेलं बाइंडिंग काही वर्षांत सुटतं, शिवण बाइंडिंग मागा, थोडे पैसे जास्त जातात पण हे पुस्तक चार पिढ्या हाताळणार आहेत. तिघांकडून कोटेशन घ्या आणि आधी एकच नमुना प्रत काढून बघा. फक्त घरात वाटायचं असेल तर आयएसबीएन लागत नाही.

पुस्तकात शेवटी एक क्यूआर कोड टाका, तो ड्राइव्हवरच्या मूळ आवाजाच्या दोन-तीन निवडक तुकड्यांकडं गेला पाहिजे, सगळ्या फाइलींकडं नाही. लिंक बदलली तर कोड निकामी होतो म्हणून मूळ फाइली पेनड्राइव्हवर घालून प्रत्येक शाखेतल्या एकाकडं द्याच, आणि दर दोन-तीन वर्षांनी त्या उघडतेत का बघून नवीन पेनड्राइव्हवर उतरवायची जबाबदारी घरातल्या एका तरुण माणसाला नावानिशी द्या. लेकींच्या घरी प्रती आधी पाठवा, गावच्या वाचनालयाला द्यायची असेल तर घरातल्या मोठ्यांना विचारून द्या. कोणाला कितवी प्रत दिली याची यादी ठेवा, कारण पुस्तक हातात पडल्यावर पंधरा दिवसांत फोन यायला लागतात की आमच्या आत्याचं नाव चुकलंय, हा फोटो आमच्या घरी मोठा आहे, ती गोष्ट आमच्याकडं वेगळी सांगतेत, आणि हे सगळं त्याच वहीत उतरवून पुढच्या छपाईत घालायचं.